‘तू अजून इथंच आहेस’ : ‘एमिसरी’ हा भाग, दुःख, माफी आणि कथेतले नेहमीचे साचे

तेरणाकाठ (लातूर) · रविवार, रात्री १०:४०

‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाईन’चा पहिलावहिला भाग ‘एमिसरी’ काल तिसऱ्यांदा बघितला आणि आज दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. भाग जुना आहे, जानेवारी १९९३ चा. इथं विज्ञानकथा आवडणारे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतोय. शेवट उघड करूनच बोलावं लागेल. पण शेवट माहीत असूनही मला तो तिन्ही वेळा लागला, तेव्हा ज्यांनी बघितला नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही.

गोष्ट अशी. बेंजामिन सिस्को हा साराटोगा नावाच्या अवकाशजहाजावरचा अधिकारी. बोर्ग नावाचा शत्रू माणसं पकडून आपल्या यंत्रासारख्या समूहात मिसळून टाकतो. त्यांनी सिस्कोच्याच बाजूच्या कॅप्टन पिकार्डला पकडलंय, त्याचं ‘लोक्युटस’ असं बारसं करून त्याच्याच तोंडून शरण या म्हणून सांगायला लावलंय. वोल्फ ३५९ च्या त्या लढाईत साराटोगा पडतं. सिस्को धुरातून आपल्या खोलीकडं धावतो. मुलगा जेक जिवंत सापडतो, बायको जेनिफर ढिगाऱ्याखाली. तो तिला सोडायला तयार नाही. एक सहकारी त्याला अक्षरशः ओढून बचावनौकेत नेतो आणि तिच्या काचेतून सिस्को आपलं जहाज फुटताना बघतो. तीन वर्षांनी त्याची नेमणूक बजोर ग्रहाजवळच्या एका मोडक्यातोडक्या स्थानकावर होते, आणि तिथं कामाची माहिती द्यायला समोर बसतो तो हाच पिकार्ड. आता सुटलेला, बरा झालेला.

साच्यांबद्दल बोलायचं तर नायकाची बायको सुरुवातीलाच जाणं, नायक आतून विझलेला असणं, नको असलेली बदली, राजीनाम्याचा विचार आणि शेवटी ‘राहतो’ म्हणणं, हे आपण इतक्यांदा बघितलंय की त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते मधल्या भागाबद्दल.

सिस्को अवकाशातल्या एका बोगद्यात शिरतो. तिथं राहणाऱ्या जीवांना काळ ही गोष्टच ठाऊक नाही. आधी, नंतर, काल, उद्या यांतलं काही त्यांना कळत नाही. ते त्याच्याशी बोलतात ते त्याच्याच आठवणींतले चेहरे घेऊन: जेनिफर, जेक, पिकार्ड. मेलेल्या माणसाचा चेहरा घेऊन परकं कुणी समोर येणं हा साचा जुनाच. एरवी तो चेहरा भुलवायला येतो, नायकाला मोहात पाडतो, मग नायक ‘तू ती नाहीस’ म्हणतो आणि सुटतो. इथं ते चेहरे भुलवत नाहीत. ते प्रश्न विचारतात, लहान पोरानं विचारावेत तसे.

सिस्को त्यांना बेसबॉलवरून काळ समजावून सांगतो. चेंडू सुटला की पुढं काय होणार ते कुणालाच माहीत नसतं, एकेक चेंडूनं खेळ पुढं सरकतो, आणि ते माहीत नसण्यासाठीच आम्ही खेळतो आणि जगतो. त्यांना हे पटतंसुद्धा. आणि तरी ते त्याला पुन्हा पुन्हा त्या जळत्या जहाजावर आणतात. तो चिडतो, मला इथं का आणता? ते म्हणतात, आम्ही नाही आणत, तूच आणतोस. तुझा काळ पुढं जातो म्हणतोस, मग तू अजून इथंच का आहेस?

‘माणूस परक्यांना माणुसकी शिकवतो’ हा या मालिकांचा लाडका साचा. इथं तो उलटून गुरुजींवरच आलाय. जो धडा तो दुसऱ्याला देतोय तोच त्याला स्वतःला आलेला नाही. जेनिफरच्या कलेवराजवळ बसून तो रडत कबूल करतो की मी हे जहाज कधी सोडलंच नाही. सिस्को झालेल्या अ‍ॅव्हरी ब्रुक्सचं काम तिथं बघावं. रडताना त्याचा चेहरा नायकाचा राहत नाही.

मी मूळचा किल्लारीच्या पट्ट्यातला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. ही वेळ आमच्याकडं बारक्या पोरालाही पाठ असते, जे त्यानंतर वीस वर्षांनी जन्मलं त्यालासुद्धा. सुमारे १०,००० माणसं गेली, ५२ गावं नव्या जागेवर बसवली. नव्या गावात सरळ रस्ते, सिमेंटची घरं. पण आमच्यातली म्हातारी माणसं अजून ‘गावात जाऊन येतो’ म्हणतात तेव्हा त्यांना ती जुनी, बाभळी माजलेली जागा म्हणायची असते. त्या जीवांनी विचारलेला प्रश्न मला म्हणून परका वाटला नाही.

आता तुम्हाला विचारायचंय ते माफीबद्दल. पहिल्या भेटीत सिस्को पिकार्डला थंडपणे सुनावतो की आपण आधी भेटलोय, लढाईत. पिकार्डचा चेहरा उतरतो. शेवटी दोघं हात मिळवतात. ‘माफ केलं’ हा शब्द कुणी काढत नाही. हे पुरेसं वाटतं का तुम्हाला? कारण पिकार्ड तर स्वतःच कैदी होता. मला वाटतं, दुःखाला एक तोंड लागतं. सिस्कोनं पिकार्डचं तोंड दुःखावर चिकटवलं होतं आणि शेवटी ते सोडवलं. पण तुमचं ऐकायचंय.

जुना_अँटेना (नांदेड) · रविवार, रात्री ११:२५

धागा चांगला काढलात. माझ्या मते त्या हस्तांदोलनात जेवढी माफी आहे तेवढी पुरेशी आहे, कारण पिकार्डनं स्वतःहून काही केलेलंच नाही. खरी कसोटी जिथं समोरच्यानं काही केलेलं असतं तिथं. त्यासाठी त्याच मालिकेच्या पहिल्या मोसमातला ‘डुएट’ बघा, जून १९९३ चा. जवळजवळ सगळा भाग एका कोठडीत घडतो. दोन माणसं, एक गज, बस.

बजोरवर कार्डेशियन नावाच्या परग्रहवासीयांनी कित्येक वर्षं सत्ता गाजवलेली. किरा ही त्यांच्याविरुद्ध लढलेली बजोरी स्त्री, आता स्थानकावर अधिकारी. एक कार्डेशियन प्रवासी येतो. त्याला जो आजार आहे तो फक्त गॅलिटेपच्या छळछावणीत झालेल्या अपघातातूनच होऊ शकतो. म्हणजे हा तिथं होता. किरा त्याला पकडते. तो आधी म्हणतो मी साधा फाइली लावणारा कारकून, मॅरिट्झा. मग पुरावा असा निघतो की हा छावणीचा प्रमुख गल दारहील. आणि तो छाती ठोकून कबूल करतो, मारलेल्यांची मोजदाद अभिमानानं सांगतो. किरा हादरते. पुढं कळतं की खरा दारहील केव्हाच मेलाय. हा खरोखरच कारकून. रात्री किंकाळ्या ऐकून कान झाकून घ्यायचा, काही करू शकला नाही. आता त्यानं शस्त्रक्रिया करून दारहीलचा चेहरा घेतलाय, म्हणजे आपल्यावर खटला चालेल, आपल्याला फाशी होईल आणि आपल्या देशाला पाप कबूल करावं लागेल.

आरोपी आणि चौकशी करणारा एका खोलीत, हा साचा पोलिसी कथांत पैशाला पासरी. त्यात आरोपी नाकारतो आणि चौकशी करणारा कबुलीपर्यंत नेतो. इथं आरोपी कबुली द्यायला धडपडतोय आणि किरा त्याला त्यातून बाहेर ओढतेय. ज्या माणसाचा तिनं मरेस्तोवर द्वेष केला असता त्याला ती म्हणते, तू घरी जा. आणि मग स्थानकावर चालत असताना एक बजोरी मागून येऊन त्याला भोसकतो. का, तर तो कार्डेशियन आहे, एवढं कारण पुरे. किरा म्हणते, नाही, पुरे नाही. भागाच्या सुरुवातीला ती स्वतः जवळपास हेच बोललेली असते.

हे बघताना मला आमची आजी आठवली. ती निजामाच्या राज्यातली. रझाकारांच्या काळात घर सोडून रात्रीच्या रात्री नदीपलीकडं गेलेली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर परत आली. गावात एक जण होता, जुन्या कचेरीत नुसता लिहिण्याच्या कामावर, त्याला लोक पुढं कितीतरी वर्षं ‘त्यांचा कारकून’ म्हणून टोचायचे. तो एकदा आजीच्या ओट्यावर येऊन बसला आणि काही न बोलता रडला. आजीनं त्याला ताक दिलं. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा आम्ही पोरं विचारायचो, मग तू त्याला माफ केलंस का? ती म्हणायची, अरे, त्यानं केलं काय होतं? आणि मग थोडं थांबून, काहीच केलं नव्हतं हेच तर त्याला टोचत होतं. ‘डुएट’ लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होतं.

गोदाकाठची (पैठण) · सोमवार, सकाळी ७:१०

माझं मत थोडं वेगळ्या बाजूनं. मेलेल्या माणसाशी पुन्हा बोलता येणं, या साच्याचं आजच्या काळातलं सगळ्यात कठोर रूप म्हणजे ‘ब्लॅक मिरर’ मालिकेतला ‘बी राइट बॅक’ हा भाग, २०१३ चा. मार्थाचा जोडीदार अ‍ॅश अपघातात जातो. त्यानं आयुष्यभर ऑनलाईन जे लिहिलं त्यावरून एक यंत्रणा त्याच्यासारखी उत्तरं द्यायला लागते. आधी लेखी, मग फोनवर आवाजात, मग एक पूर्ण शरीर घरी येतं. त्याला अ‍ॅशचे विनोद येतात पण अ‍ॅशचा हट्ट येत नाही. मार्था भांडते तर तो भांडत नाही. शेवटी ती त्याला ठेवते कुठं, तर माळ्यावर. आणि हे लेखकानं आधीच पेरून ठेवलंय: अ‍ॅशच्या आईनं घरात मृत्यू झाल्यावर गेलेल्यांचे फोटो भिंतीवरून काढून माळ्यावर नेऊन टाकलेले असतात. ते आपल्याला सहज सांगितलं जातं, आणि अखेरीला तोच माळा. मला या भागातली सगळ्यात चांगली गोष्ट ही पेरणीच वाटते.

आमच्याकडं नदीवर दहाव्याला लोक लांबून येतात. मी लहानपणापासून ते बघत आले. पिंड ठेवलेला असतो, कावळा शिवत नाही. घरचे हात जोडून उभे. मग कुणीतरी म्हणतं, काहीतरी राहिलंय त्याच्या मनात, बोला. आणि मोठा मुलगा सगळ्यांसमोर म्हणतो, धाकटीचं लग्न मी करीन, आईला अंतर देणार नाही. कधी कधी त्याहून खाजगी गोष्ट निघते. एकदा एक माणूस बापाच्या पिंडापुढं म्हणाला, बांध मी कोरला होता, माझं चुकलं. भाऊ शेजारीच उभा होता. कावळा आला की नाही ते मला आठवत नाही, पण त्या भावाची मान खाली गेलेली आठवते.

सांगायचं हे की मेलेल्याशी बोलायची सोय आपण फार आधी करून ठेवलीय. फरक एवढाच की आपल्या सोयीत मेलेला उत्तर देत नाही. जिवंत माणसालाच बोलावं लागतं. ‘बी राइट बॅक’मधलं यंत्र उत्तर देतं, म्हणून मार्थाला स्वतःला काही बोलावंच लागत नाही. ‘एमिसरी’त ते जीव जेनिफरच्या तोंडून फक्त विचारतात, सांत्वन करत नाहीत. म्हणून सिस्को बोलतो. म्हणून तो सुटतो असं मला वाटतं.

आणि एक. परत परत त्याच जागी येणं म्हणजे कैदच असते असंही नाही. आमच्या नाथांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: गोदेत आंघोळ करून वर आले की एक जण थुंकायचा, नाथ परत पाण्यात जायचे, पुन्हा तो थुंकायचा, पुन्हा आंघोळ. एकशे आठ वेळा, असं सांगतात. लहानपणी आम्हाला ही सहनशीलतेची गोष्ट म्हणून सांगितली. आता वाटतं, यात खरा बदल थुंकणाऱ्यात होतो, आणि तो शेवटच्या वेळी होतो. आधीच्या एकशे सात वेळांना काही दिसतच नाही. एका तासाच्या भागात कुठल्याही लेखकाला एवढा धीर परवडत नाही.

बालाघाट (अंबाजोगाई) · सोमवार, दुपारी १:०५

सगळ्यांचं वाचलं. चांगलं लिहिताय, पण ज्या साच्यावर तेरणाकाठ दादांनी ‘वेळ घालवत नाही’ म्हटलं तिथंच मला थांबायचंय.

बायको मारायची आणि नायकाला खोली द्यायची. जेनिफरबद्दल आपल्याला काय माहीत आहे? समुद्रकिनाऱ्यावर तो तिला पहिल्यांदा भेटला, ती हसली, लग्न झालं, ढिगाऱ्याखाली गेली. तिला काय आवडायचं, कशाचा राग यायचा, मुलावरून त्यांचं काय वाजायचं, काही नाही. पुढं तिचा चेहरासुद्धा परक्यांनी वापरला. ती स्वतःच्या मृत्यूच्या गोष्टीतही पाहुणी आहे. आपण बायकांनी हे किती वर्षं बघायचं? माझ्या मैत्रिणीचा नवरा गेला तेव्हा ती पंधराव्या दिवशी सोयाबीनच्या रानात होती. तिच्या दुःखाला बोगदा नव्हता की कुणी प्रश्न विचारणारं.

दुसरं, माफीच्या गोष्टीत एक सोय नेहमी असते: ज्याला माफ करायचं तो मरणाच्या दारात असतो. ‘व्हॉयेजर’ मालिकेतला १९९५ चा ‘जेट्रेल’ बघा. ज्या शास्त्रज्ञाच्या अस्त्रानं नीलिक्सचं सगळं घर गेलं तो शास्त्रज्ञ स्वतःच त्या अस्त्राच्या आजारानं मरतोय. मेलेल्यांना परत आणायचा त्याचा प्रयोग फसतो आणि तो अखेरच्या घटका मोजत असताना नीलिक्स माफ करतो. भाग वाईट नाही, नीलिक्सची स्वतःची लपवलेली लाज त्यात फार छान उघड होते. युद्धात तो हजरच झाला नव्हता, लपून बसला होता, म्हणजे त्याचा अर्धा राग स्वतःवरच होता. पण मरणाऱ्याला माफ करणं सोपं असतं हो. तो उद्या सकाळी पुन्हा नळावर भेटणार नसतो. ‘डुएट’मध्येही माफी मिळाली आणि लगेच सुरा. ज्याला माफ केलं त्याच्या शेजारी वीस वर्षं राहायचं, त्याच्या पोरीच्या लग्नात वाढायला उभं राहायचं, हे मला एकदा तरी पडद्यावर दाखवा.

तेरणाकाठ (लातूर) · सोमवार, रात्री ११:५०

बालाघाट ताई, तुमची पोस्ट दुपारी वाचली आणि तेव्हापासून तीनदा लिहून खोडलं. जेनिफरबद्दल तुमचं खरं आहे. मी ते पटकन ओलांडून गेलो, त्याला कारण होतं. मला त्या दृश्यात जेनिफर दिसतच नाही. मला तो ओढून नेणारा माणूस दिसतो.

आमचं घर माळवदाचं होतं. दोन-दोन हात रुंद दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी सऱ्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार. गणपती विसर्जन करून सगळे दमून झोपलेले. आई-बाबा औशाला गेले होते, घरात मी, ताई आणि काका. मी नऊ वर्षांचा, ताई चौदाची. मला आवाज आठवत नाही, तोंडात माती आठवते. काकांनी मला हातांनी उकरून काढलं. त्यांची नखं निघाली होती हे मला नंतर कळलं. ताईचा आवाज येत होता. आत, खोलीच्या त्या बाजूनं. ती मला हाक मारत नव्हती, काकांना मारत होती. काकांनी दोनदा सऱ्या उचलायचा प्रयत्न केला, मग जमीन पुन्हा हलली आणि उरलेली भिंत आमच्या बाजूला कलली. काकांनी मला खांद्यावर टाकलं आणि रानाकडं पळाले. मी त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारत होतो. ते माणसं घेऊन परत गेले तेव्हा उजाडलं होतं आणि आवाज नव्हता.

मी काकांशी तीस वर्षं कामापुरतं बोललो. भांडलो नाही, उलट बोललो नाही. सणाला पाया पडलो. पण ते समोर आले की माझ्यातला नऊ वर्षांचा पोरगा बुक्क्या मारायला लागायचा. त्यांनी मला वाचवलं हे मला शाळेपासून सगळे सांगायचे आणि मला ते ऐकवायचं नाही.

तुम्ही म्हणालात ना, माफ केलेला माणूस उद्या नळावर भेटला पाहिजे. काका रोज भेटतात. त्यांचं आणि आमचं अंगण एकच आहे.

आणि म्हणून या भागाबद्दल माझी एक तक्रार आहे, जी पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं धाडस झालं नाही. सिस्को पिकार्डला माफ करतो. स्वतःलाही करतो म्हणा. पण ज्या सहकाऱ्यानं त्याला जेनिफरपासून ओढून नेलं त्याचं काय? त्यानंही आपली माणसं त्याच जहाजावर सोडली असतील. शत्रूला माफ करायच्या कथा शेकड्यानं आहेत. ज्यानं आपल्याला वाचवलं त्याला माफ करायची कथा मला अजून सापडली नाही.

रातची_लाईट (परभणी) · मंगळवार, पहाटे ३:१५

मी लिहिणारा माणूस नाही, नुसता वाचत असतो. ह्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे, गव्हाला दारं धरायलो. एक वाफा भरंस्तोवर बांधावर बसून मोबाईलवर बघत असतो. भाषा अर्धी कळते, खालचं वाचून लावतो.

तुमच्याच ह्या मालिकेतला ‘द व्हिजिटर’ म्हणून भाग आहे, १९९५ चा. हाच सिस्को, त्याचं पोरगं जेक मोठं झालेलं. जहाजावर अपघात होतो आणि बाप पोराच्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो. मेला म्हणून सगळे धरतात. पण तो मधूनच काही वर्षांनी दोन मिनिटं येतो, परत जातो. बापाचं वय तेवढंच, पोरगं म्हातारं होत जातं. पोरगं लेखक असतं, लिहिणं सोडून देतं, बायको सोडून जाते, सगळं आयुष्य बापाला परत आणायच्या मागं घालवतं. कारण काय तर दोघांच्या मधी रबरी दोरीसारखं काहीतरी अडकलंय, पोरगं जगतंय तोवर बाप सुटंना. शेवटी म्हातारं पोरगं बाप समोर असतानाच मरायचं ठरवतं, म्हंजी दोरी तुटंल आन बाप अपघाताच्या आधीच्या घडीला जाईल. बाप म्हणतो असं करू नको. पण झालेलं असतं.

आमचे अण्णा २०१५ ला गेले. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्याच्या आदल्या पावसाळ्यात. स्वतःहून गेले, जास्ती लिहीत नाही. लोक म्हणायचे कर्ज, दुष्काळ, सगळं खरं. पण मला राग होता तो अण्णाचाच. मी बावीस वर्षांचा होतो, मला ईचारलं असतं तर मी काय नाही म्हणलो असतो का. चार एकर इकून टाकली असती. सात-आठ वर्षं त्यांच्या फोटोला मी हार घातला नाही, आई घालायची.

भाग बघताना पहिल्यांदा मला चीड आली, की ह्याचा बाप परत परत यायला बघतोय आन आमचा सोडून गेला. मग तो रबरी दोरीचा डायलॉग आला. बापाला बिचाऱ्याला माहीतच नसतं की दुसरं टोक पोरानं धरलंय. मला एकदम वाटलं, अण्णाला त्या रात्री दोरी दिसलीच नसंल. दिसली असती तर गेले नसते. मी मोटार बंद करून बसलो बराच वेळ. वाफा फुटून पाणी शेजारच्या रानात गेलं.

तेरणाकाठ दादा, तुमच्या काकाला तुम्ही पाठीवर बुक्क्या मारत होता ते त्यांना आठवत असंल का? मला वाटतंय असंल.

जुना_अँटेना (नांदेड) · मंगळवार, सकाळी ८:३०

रातची_लाईट, तुम्ही लिहिणारे नाही म्हणता, पण ‘द व्हिजिटर’वर मी जे काही वाचलंय त्यात हे टोक कुणी पकडलेलं नाही. सगळे मुलाच्या त्यागावर बोलतात. बापाला दोरी दिसत नाही, यावर कुणी बोलत नाही. आईला माझा नमस्कार सांगा. रात्री बांधावर एकटं वाटलं तर इथं लिहीत जा, मी जागाच असतो.

बालाघाट (अंबाजोगाई) · मंगळवार, दुपारी २:४०

दादा, मी काल जरा जोरात बोलले. जेनिफरबद्दलचं माझं म्हणणं मागं घेत नाही, आणि तुमच्या ताईची हाक वाचल्यावर तर अजिबात नाही. ती हाक मारत होती, म्हणजे तुमच्या गोष्टीत तिला आवाज आहे. जेनिफरला तेवढाही दिला नाही. लेखकांनी तिला ढिगाऱ्याखाली आधीच गप्प केलं, कारण ती बोलली असती तर सिस्कोला ओढून नेणारा माणूस प्रेक्षकांना सहन झाला नसता. हा साचा इतका का वापरतात ते मला आत्ता कळलं. मरणारी गप्प असली की वाचवणाऱ्यावर डाग येत नाही.

तुमच्या काकांनी ती हाक ऐकली आणि तरी तुम्हाला उचललं. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, काल रात्रीपासून तोच विचार करतेय.

गोदाकाठची (पैठण) · मंगळवार, संध्याकाळी ६:२०

तेरणाकाठ, काकांना भाग दाखवाल का?

तेरणाकाठ (लातूर) · रविवार, रात्री ९:१५

दाखवला. सगळा नाही.

काका आता सत्तरीला आलेत, डाव्या कानानं कमी ऐकू येतं. दुपारी जेवण झाल्यावर लॅपटॉप घेऊन त्यांच्या पडवीत गेलो. म्हणालो, एक गोष्ट आहे, मी मराठीत सांगत जातो. ते सरकून बसले. पहिलीच दहा मिनिटं लावली. बोर्ग म्हणजे काय ते सांगायला लागलो तर म्हणाले, राहू दे, लढाई आहे ते दिसतंय. सिस्को धुरातून धावला, मुलगा सापडला, बायको दिसली. मी बोलायचं थांबवलं होतं. त्या सहकाऱ्यानं त्याला धरून ओढलं तिथं काकांचा हात आपोआप पुढं झाला आणि त्यांनी माझं मनगट धरलं. बचावनौका सुटेपर्यंत सोडलं नाही. त्यांची बोटं अजून वाकडीच आहेत, दोन नखं नीट आलीच नाहीत. इतक्या वर्षांत मी ती एवढ्या जवळून बघितली नव्हती.

मी थांबवलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. बाहेर काकूंनी वाळवण राखायला लावलेला पत्रा वाऱ्यानं वाजत होता.

मग काका म्हणाले, “त्या ओढून नेणाऱ्याचं पुढं काय झालं?”

म्हणालो, “ते गोष्टीत सांगितलेलं नाही.”

“आन ह्याचं पोरगं?”

“ते पुढं मोठं होतं. चांगलं निघतं.”

“त्यानं बोलून घेतलं का त्या माणसाशी?”

मी म्हणालो, “नाही, काका. मी बोलतो.”

जे बोललो ते इथं लिहीत नाही. पाठीवरच्या बुक्क्या त्यांना आठवत होत्या. रातची_लाईट, तुमचं बरोबर होतं. ते म्हणाले, तू मारत होतास म्हणून कळत होतं जिवंत आहेस. काकू मधूनच चहा घेऊन आल्या आणि आम्हा दोघांकडं बघून कप ठेवून परत गेल्या.

उरलेला भाग पुढच्या रविवारी बघायचा ठरलाय. तो चेंडूचा खेळ काकांना कसा समजावायचा ते बघतोय, त्यांना क्रिकेटही नीट माहीत नाही. आट्यापाट्या चालतील का?